डेस्कटॉपला केबलवर ९४ च्या वर स्पीड येत नाही

बी-३०४: प्लॅन ३०० एमबीपीएसचा. मोबाइलला वायफायवर २८० मिळतात, केबल लावलेल्या डेस्कटॉपला मात्र ९४. तीनदा टेस्ट केली, आकडा हलत नाही. कंपनीकडे तक्रार टाकू का?

ए-१०२: काका, थांबा. मोबाइलला २८० येतात म्हणजे राउटरपर्यंत सगळं ठीक आहे. आणि ९४ म्हटलं की समजायचं, लिंक, म्हणजे राउटर आणि डेस्कटॉपमधली केबलची जोडणी, १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर जुळलीय. हेडर (डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणारी पत्त्याची माहिती) वगैरेत थोडं खर्ची पडतं, हाती ९४-९५ उरतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथे लिंक स्पीड किती दिसतो?

बी-३०४: १००/१००.

ए-१०२: मग बहुतेक केबलच. केबलमधल्या आठ तारांच्या चार जोड्या असतात; १०० साठी दोनच लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही. ४, ५, ७, ८ पैकी एक तार सुटली तरी नेट चालूच राहतं, फक्त गुपचूप १०० वर येतं.

सी-२०१: आधी राउटर बघा की! काही स्वस्तातल्या राउटरचे लॅन पोर्टच (केबल लावायच्या खाचा) १०० चे असतात, वायफाय कितीही पळो. मग केबल बदलून काय उपयोग?

ए-१०२: खरंय, ते राहिलंच. मॉडेलच्या माहितीत १०/१००/१००० लिहिलेलं हवं.

बी-३०४: तसंच लिहिलंय. केबलवर कॅट ५ई (केबलची प्रत) छापलंय.

सी-२०१: ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट जातं. कॅट ६ वर पैसे घालू नका.

डी-४०३: डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स बदलून बघा ना.

ए-१०२: नको, ऑटो निगोशिएशनच राहू द्या, दोन्ही टोकं आपापसात स्पीड ठरवतात. एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) ठोकून बसवलं की समोरचं टोक हाफ (एका वेळी एकच) धरतं, मग स्पीड आणखी ढासळतो.
काका, दोन्ही टोकांचे प्लग उजेडात धरा. पारदर्शक असतात, आठही तारा पुढच्या भिंतीला टेकलेल्या दिसायला हव्यात. मागे राहिलेल्या तारेत पिनची पाती घुसतच नाही.

बी-३०४: कपाटामागच्या प्लगात तपकिरी तार अर्ध्यावरच दिसतेय!

ए-१०२: सापडलं. ७-८ ची जोडी गेली. प्लग कापून नवा आरजे-४५ लावा. क्लिप मागे, तोंड वर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला हाच क्रम आहे ना ते आधी बघा. जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उकलू नका.

बी-३०४: क्रिम्पर, प्लग दाबून बसवायची पक्कड, आहे का कुणाकडे?

सी-२०१: माझ्याकडे आहे, टेस्टरही. टेस्टरवर १ ते ८ तारांचे दिवे ओळीने पेटल्याशिवाय केबल परत कपाटामागे सारू नका.