शब्दचर्चा : अक्कलदाढेची कळ, कानशिलातला ठणका आणि 'रेफर्ड पेन'

गोदाकाठ :
मुलीची खालची अक्कलदाढ आडवी आलीय, ओपीजीत (दोन्ही जबड्यांच्या एकत्र एक्स-रेत) स्पष्ट दिसतंय. पण इतके दिवस ती दाढेचं नावच काढत नव्हती, कान दुखतोय कान दुखतोय एवढंच, आणि मधूनच कानशील दाबून बसायची. कानाच्या डॉक्टरांनी कान एकदम साफ आहे म्हणून दातांकडे पाठवलं आणि तिथे 'रेफर्ड पेन' ऐकायला मिळालं. घरी आईला हे मराठीत सांगायला गेलो तर शब्दच सापडेना. दुखणं एकीकडचं आणि जाणवतं भलतीकडे, याला आपण काय म्हणतो? आणि अक्कलदाढेतली 'अक्कल' कुठून आली तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

सांगलीकर :
अक्कल म्हणजे अरबी 'अक्ल'. अरबीत या दाढेला 'दिर्स अल-अक्ल', फारसीत 'दंदान-ए-अक्ल'. दाढ मात्र इकडची, संस्कृत दंष्ट्रा, प्राकृत दाढा. गुजरातीत 'डहापणनी दाढ'. साधारण १७ ते २५ या वयात येते म्हणून शहाणपणाशी नातं जोडलं गेलं. जपानीत तर 'ओयाशिराझु' म्हणतात, म्हणजे आईबापांना पत्ता नसलेली, मला हे नाव फार आवडतं.
दुसऱ्या प्रश्नाला कुणीतरी 'संदर्भित वेदना' सुचवेलच, पण कृपया नको. संदर्भ म्हटलं की पुस्तकामागची यादी डोळ्यासमोर येते, दुखणारा माणूस येत नाही.

दंतवैद्य :
पेशंटच्या तोंडी याला शब्द आहे आणि तो म्हणजे 'कळ'. "दाढेतून कळ निघते ती थेट कानात जाते" हे वाक्य मी रोज ऐकतो. ठणका एका जागी बसून ठोके देतो, ठसठस पू धरल्यासारखी असते, शिवशिवणं गार पाण्याने होतं, पण निघते, जाते, उठते, मारते ती कळच. त्यामुळे रेफर्ड पेनला मी तरी 'दुसरीकडे गेलेली कळ' असंच म्हणतो आणि ते आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं.

आता ती जाते कशी ते सांगतो. खालच्या दाढा, कानाचा पुढचा भाग आणि कानशील या तिन्हींचा निरोप मेंदूकडे नेणारी नस एकच, ट्रायजेमिनल म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेची खालच्या जबड्याची फांदी. तिचा जो फाटा कानाजवळून वर जातो त्याचं नावच ऑरिक्युलोटेम्पोरल, कान आणि कानशील, म्हणजे आपला 'कानशील' हा शब्द त्या फाट्याच्या इलाक्यावर बरोबर बसतो! हे सगळे निरोप मेंदूच्या देठात एकाच केंद्रात येतात, ते केंद्र खाली मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत उतरलेलं असतं आणि मानेच्या वरच्या नसाही तिथेच येऊन मिळतात, मग मेंदूला नेमकं कुठून आलं ते कळत नाही आणि तो कान, कानशील, कधी मान असं सांगून टाकतो. मात्र उजव्या दाढेची कळ डाव्या कानात जात नाही, दुसऱ्या बाजूला दुखत असेल तर कारण दुसरं शोधायचं. शंका राहिली तर दाढ बधिर करून बघतो. दाढ बधिर झाल्यावर कानातली कळ थांबली तर मूळ दाढेत.

वऱ्हाडकन्या :
आमच्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आन् औषध पखालीला. कानात थेंब घालत बसलं तर तेच व्हायचं. पण मला विचारायचंय, माझ्या भावाला दाढ आली तेव्हा जबड्याखाली गाठ आली होती, आजी म्हणाली अवधाण आलंय. ते पण हेच का?

दंतवैद्य :
नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. अवधाण म्हणजे जखम किंवा गळू एकीकडे आणि त्यामुळे जांघेत, काखेत, गळ्यात सुजलेली गाठ. ती बोटाला लागते, दाबली की दुखते. दुसरीकडे गेलेल्या कळेत कानाला काहीच झालेलं नसतं, सूज नाही, गाठ नाही. तुमच्या आजींचा शब्द अगदी नेमका आहे, तो जपा.
अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा पडदा राहतो, लोक म्हणतात "दाढेवर मांस वाढलंय". वाढलेलं काही नसतं, हिरडीच अजून मागे सरलेली नसते. त्याखाली भाताचं शीत, पोळीचा कण अडकतो, कुजतो, हिरडी सुजते आणि मग अवधाणही येतं.

सांगलीकर :
आणि दातखीळ? जबडा उघडत नाही त्याला तेच म्हणायचं ना?

दंतवैद्य :
दातखीळ ऐकलं की लोकांना धनुर्वात नाहीतर फिट आठवते आणि घर घाबरतं. इथे चावायचे स्नायू सुजेमुळे आखडतात, म्हणून 'जबडा आखडला' म्हणा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा, एकच जात असेल तर थांबू नका. आणि त्यासोबत ताप, गिळताना त्रास, जिभेखाली किंवा गळ्याला सूज, आवाज बदललेला असेल तर तडक हॉस्पिटल, रात्र असली तरी, कारण ती सूज श्वास अडवू शकते.

गोदाकाठ :
खूप आभार. आईला "दाढेची कळ कानात जाते" म्हटलं तर लगेच म्हणाली की मग लवंग धर की. तेवढी कळ काढता येईल का, दाढ काढायची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीय.

दंतवैद्य :
लवंगेतल्या युजेनॉलने थोडा वेळ बधिर वाटतं, चालेल, पण तेल हिरडीवर ओतू नका, भाजतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, बाहेरून शेक मात्र नको.
आजींना अजून एक सांगा, कारण त्यांच्या वयाला ते जास्त लागू आहे. कळ उलट्या दिशेनेही येते, म्हणजे मूळ दुसरीकडे आणि दुखतो जबडा. चढ चढताना, जिना चढताना खालच्या जबड्यात कळ येते आणि बसलं की थांबते, असं असेल तर दात दाखवत बसू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि बसूनही थांबत नसेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर त्याच क्षणी हॉस्पिटल.