मदत हवी आहे: रुग्णालयात येणं सोडलेल्या रुग्णांपर्यंत कसं पोहोचायचं?

एका रुग्णालयातल्या बदलांबद्दल आमचा रुग्णगट अनुभव गोळा करतोय. आता तज्ज्ञांना दाखवायला फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि नंबर मोबाईलवरूनच लावावा लागतो.

"समाधानी आहात का?" असं विचारलं की जवळजवळ सगळे "हो, छान आहे" म्हणतात. पुढच्या वेळी त्याच डॉक्टरांसमोर बसायचं असतं. म्हणून घडलेल्या गोष्टी विचारल्या: किती वेळ थांबलात, औषध कशासाठी ते सांगितलं का, चिठ्ठीअभावी परत पाठवलं का. मग लोक खरं बोलू लागले. एक आजी म्हणाल्या, "ओटीपी मुलाच्या फोनवर येतो. तो कामावरून येईपर्यंत नंबर संपतात." जागतिक आरोग्य संघटनेने २००० च्या अहवालात सन्मान, गोपनीयता, तत्पर सेवा हे निकष मांडले होते, त्यांचाही आधार घेतला.

पण हे सगळे रांगेतले लोक. ज्यांनी कंटाळून येणंच सोडलं, त्यांचं मत मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रुग्णालय फोननंबर देत नाही, आणि ते योग्यच आहे. ऑनलाइन फॉर्म नको, त्यात हीच माणसं सुटतील. बदलाआधीची नोंदही नाही.

असं काम कुणी केलंय का? रुग्णालयाच्या यादीशिवाय ही माणसं कुठे आणि कशी शोधलीत? आणि "आधी कसं होतं" हे निव्वळ आठवणीवर विचारायचं असेल, तर प्रश्न कसा मांडावा?