इंदूर: ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी घर-कुटुंबाची चित्रपुस्तकं कशी निवडायची?

रविवारचा_कट्टा

नमस्कार मंडळी. सुदामानगर भागात मराठी मुलांसाठी रविवारी पाऊण तासाचा वाचनकट्टा सुरू करायचा आहे. मुलं १५ ते १८. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. पहिले तीन महिने विषय एकच, 'माझी माणसं'. वीसेक पुस्तकं घ्यायची आहेत, हाताशी ५,००० रुपये आहेत.

अडचण अशी की सहज मिळणाऱ्या पुस्तकांत घर एकाच साच्याचं असतं. आई ओट्यापाशी, बाबांच्या हातात बॅग, आजी देवघरात, एक मुलगा, एक मुलगी. प्रत्यक्षात कुणी फक्त आईजवळ वाढतंय, कुणी आजी-आजोबांकडे, कुणाचे बाबा महिन्यातून दोनदा घरी येतात. निवड कशी करावी? मराठीत पुरेशी पुस्तकं नाहीत म्हणून हिंदी घेतली तर चालतील का?

चित्रवाचक

मजकूर हाताने झाका आणि आधी फक्त चित्रं वाचा. तीन वर्षांचं मूल तेच करतं. चित्रात काय आहे ते त्याच्या मनात बसतं, खाली कितीही चांगलं वाक्य असो.

एक कागद घ्या आणि पानागणिक खुणा करा: पोळ्या कोण लाटतंय, बाहेर कोण जातंय, खुर्चीवर कोण आणि जमिनीवर कोण, बोलतंय कोण आणि ऐकतंय कोण. दहा पानांनंतर कागद पाहिला की पुस्तकाचा कल उघड होतो. मग वेगळी घरं दिसतात तिथे थांबा. मुसलमान कुटुंब फक्त ईदेलाच येतं का, की साध्या मंगळवारी भाजी निवडतानाही दिसतं? आदिवासी घर नाच आणि तिरकमठा यांच्यापलीकडे गेलंय का? चाकाच्या खुर्चीतली बहीण गोष्टीत काही ठरवते, भांडते, खोडी काढते, की तिला फक्त ढकललं जातं? सगळी माणसं गोरी आणि मोलकरीण तेवढी सावळी असेल, तर बाकी काहीही असलं तरी ते पुस्तक परत ठेवा.

मग मजकूर वाचा आणि काही शब्द हुडका. पहिला 'तरीही'. 'चिनूच्या घरी फक्त आई होती, तरीही ते आनंदात होते' या एका शब्दाने ते घर उणं ठरतं. दुसरा 'बिचारा'. तिसरा 'खरी आई', दत्तक मुलाच्या गोष्टीत हा शब्द नकोच. चौथा सहज निसटतो: 'बाबा आईला मदत करतात'. मदत म्हटलं की काम आईचंच ठरलं. 'बाबा भात लावतात' एवढं पुरे.

वीस पुस्तकांत विषय मांडणारी, म्हणजे दत्तक, आई-बाबांचं वेगळं राहणं, आजारपण यांवरची, चार-पाचच घ्या. उरलेल्यांत गोष्ट हरवलेल्या चपलेची, पावसाची, मांजराची असावी आणि घर मात्र मागे वेगवेगळं दिसावं. सगळीच पुस्तकं 'कुटुंबं वेगवेगळी असतात' असं सांगू लागली, तर तिसऱ्या रविवारी मुलं कंटाळतात. शिवाय ज्याचं घर वेगळं आहे त्याला ते नेहमी धड्यातच भेटतं, गोष्टीत कधी नाही. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांना आरसा आणि खिडकी म्हटलं होतं: काही पुस्तकांत मुलाला स्वतःचं घर दिसावं, काहींतून शेजाऱ्याचं. दोन्ही हवीत. एकाच मुलाला सतत खिडकी आणि दुसऱ्याला सतत आरसा, असं होऊ देऊ नका.

जिल्द_आणि_दोरा

खरेदीचं थोडक्यात सांगतो. मराठीसाठी पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला, प्रथम बुक्स. चेन्नईच्या तूलिकाची इंग्रजी-मराठी दुभाषी पुस्तकंही पाहा. हिंदीसाठी लांब जायला नको, भोपाळचं एकलव्य आहे. सगळे पैसे एकदम घालवू नका. आधी ३,००० ची घ्या आणि महिनाभर कोणती पुस्तकं मुलं पुन्हा मागतात ते बघून उरलेली मागवा.

पंधरा-अठरा मुलांना दाखवायचं तर पुस्तक निदान ए-फोर कागदाएवढं हवं. आठ इंची चौकोनी पुस्तक सात-आठ मुलांपलीकडे दिसत नाही. ते घेतलंत तर मुलांचे दोन गट करा. मध्ये पिना मारलेलं पुस्तक सपाट उघडतं. पाठीला डिंक लावलेल्या पुस्तकात दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या खाचेत जातं, आणि नेमका आजीचा चेहरा तिथे असला तर मुलांना आजी दिसतच नाही. ऑनलाइन मागवण्यापूर्वी आतल्या पानांचे फोटो बघा.

पावसाळ्यात पिना गंजतात आणि पान डागाळतं. त्या काढून त्याच भोकांतून जाड सुती दोरा ओवा. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि तिचा चीक शेजारच्या पानाला धरतो. पातळ जपानी कागद आणि खळ उत्तम. नसेल तर पुस्तकांसाठीची म्हणून मिळते ती पट्टी वापरा.

आजोळ

हिंदी पुस्तकं जरूर घ्या. पण कुटुंबाच्या पुस्तकात नात्यांचे शब्द हाच गाभा असतो, आणि इंदूरच्या मराठी मुलाची गफलत तिथेच होते, कारण लिपी एक आणि शब्दही ओळखीचे वाटतात.

हिंदीत 'दादा' म्हणजे बाबांचे बाबा, मराठीत मोठा भाऊ. 'दादा की लाठी' असं वाचलं की मूल विचारतं, दादाला काठी कशाला? हिंदीतली 'ताई' म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, आपली ताई बहीण. 'नाना' आपल्याकडे कुणाही वडीलधाऱ्याचं नाव असू शकतं, तिकडे फक्त आईचे बाबा. 'बुआ' ऐकलं की घरी कीर्तनाला जाणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे फेटेवाले बुवा येतात. तिथे आत्या आहे. उलट हिंदी 'दादी' आणि 'नानी' वेगळ्या ठेवते, मराठी दोघींना आजीच म्हणते. म्हणून 'नानी' आली की पहिल्यांदा 'आईची आई, म्हणजे आजी' असं म्हणा आणि पुढे नुसतं 'आजी'.

इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या पुस्तकात चूक दुसरीकडे होते. 'आंट' म्हणजे मावशी, आत्या, काकू आणि मामी, चौघीही. अनुवादक सवयीने 'काकू' लिहून टाकतो आणि तीन पानांनंतर ती आईची सख्खी बहीण निघते. 'कझिन'चंही तेच: आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ यांतला कोण? पुस्तकात कुठेच खूण नसेल तर नातं अंदाजाने ठरवू नका, 'रोहनदादा' असं नाव घेऊन वाचा. मावशीचं आणखी एक आहे. शाळेत, दवाखान्यात काम करणाऱ्या बाईंनाही आपण मावशी म्हणतो. चित्रात कोण आहे हे दाखवून मगच शब्द उच्चारा.

मराठी मजकूर लिहून पानापानावर चिकटवू नका, चित्र झाकलं जातं. सगळा मजकूर पानांचे आकडे घालून एका कागदावर लिहा आणि कागद पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला लावा. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरलं की मागचा पुठ्ठा तुमच्याकडे येतो, वाचता येतं आणि मान वळवावी लागत नाही. फक्त पान उलटताना चुकू नये म्हणून प्रत्येक पानाचा शेवटचा शब्द अधोरेखित करा.

आणखी एक. 'ळ' हिंदी पुस्तकात भेटत नाही. बाळ, आजोळ, जावळ, पाळणा हे सगळे घरातलेच शब्द आहेत, तेव्हा वीसपैकी निदान दहा पुस्तकं मूळ मराठी असू द्या.

रविवारचा_कट्टा

फार उपयोगी. पाठीमागे कागद लावायचं सुचलंच नव्हतं. एक विचारायचं राहिलं: वाचताना एखादं मूल दुसऱ्याकडे बोट दाखवून 'त्याला बाबाच नाहीत' म्हणालं तर? आणि एका मुलाबाबत आम्हाला थोडी माहिती आहे, त्याच्यासाठी म्हणून पुस्तक घ्यावं का?

बालवाडीच्या_बाई

त्या मुलाबद्दल इथे काही लिहिलं नाहीत ते चांगलं केलंत, लिहूही नका. त्याच्यासाठी म्हणून पुस्तक आणून पहिल्याच रविवारी वाचलं, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. पुस्तक आधी घरच्यांना दाखवा. त्यांना चालत असेल तर ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात इतरांसारखंच वाचा, आधी-नंतर प्रस्तावना नको.

बोट दाखवलं गेलं तर रागावू नका आणि विषयही बदलू नका. शांतपणे म्हणा, 'हो, त्याच्या घरी आई आणि आजी आहेत. या घरात कोण कोण दिसतंय?' आणि पान उलटा. वाक्य 'नाही' वर संपवायचं नाही, 'आहेत' वर संपवायचं.

'तुझ्या घरी कोण कोण आहे?' हा प्रश्न टाळा. मुलं मोजायला लागतात आणि कुणाचं तरी कमी भरतं. त्याऐवजी 'रात्री तुला थोपटतं कोण? डबा कोण भरतं? तुझी वेणी कोण घालतं?' असं विचारा. याला प्रत्येक मुलाकडे उत्तर असतं. आई, बाबा, आजी, आजोबा असे चौकोन छापलेला वंशवृक्षही वाटू नका, रिकामा चौकोन मुलाला दिसतो. कोरा कागद द्या, ज्याला जेवढी माणसं काढायची तेवढी काढू दे. कुणी कुत्रा काढला तर तोही घरातलाच.

मृत्यूच्या पुस्तकात 'आजोबा झोपले' असं असेल तर वाचताना बदला. या वयात मुलं शब्दाला शब्द धरतात आणि रात्री झोपायला घाबरतात. 'आजोबा वारले, आता ते परत येणार नाहीत' हे ऐकायला कठीण असलं तरी कळायला सोपं आहे.

जिल्द_आणि_दोरा

पैसे कमी पडले तर अजून एक वाट आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथली पुस्तकं मुक्त परवान्याची आहेत, उतरवून छापायला पैसे पडत नाहीत. मात्र शेवटचं श्रेयाचं पान कापू नका, लेखक-चित्रकारांची नावं देणं ही परवान्याची अट आहे. तुमच्या वयाला पहिली पातळी घ्या. वरची पातळी मोठ्याने वाचायची तर चित्राकाठी थांबायला वेळ उरत नाही. एखाद्या हिंदी पुस्तकाचं मराठी तिथे नसेल तर खातं उघडून तिथेच अनुवाद करता येतो. म्हणजे 'बुआ'ची आत्या एकदाच करायची, पुढे सगळ्यांना तयार.

छापताना एकूण पानं चारच्या पटीत हवीत. मुखपृष्ठासह २० पानं म्हणजे ए-फोरचे ५ कागद, मध्ये दुमडलेले. कागद १०० जीएसएमचा सांगा, नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदातून पाठचं चित्र दिसतं. दोन्ही बाजूंनी छापताना दुकानदाराला 'आखूड बाजूने उलटा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर प्रत्येक मागचं पान उलटं येतं. आधी एकच प्रत काढून दुमडून बघा. या प्रती निम्म्या आकाराच्या होतात, मुलांना घरी न्यायला बऱ्या. कट्ट्यावर दाखवायला मोठंच पुस्तक ठेवा.

शिवण तीन भोकांची. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावरच गाठ मारा आणि अर्धा इंच शेपूट ठेवून कापा. गाठीलगत कापलं तर मुलं ओढतात आणि शिवण उसवते.