कायम चार्जरला लावून ठेवल्याने बॅटरी वाचत नाही
लॅपटॉपच्या बाजूने दोन मुद्दे सांगितले जातात: वीज गेली तरी लॅपटॉप बंद पडत नाही, आणि घरी कायम चार्जरला लावून ठेवला की बॅटरी जास्त टिकते. पहिला अगदी मान्य. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तीनचारदा वीज जाते, डेस्कटॉप असता तर यूपीएसशिवाय कामच झालं नसतं. दुसरा मात्र पटत नाही, कारण मी नेमकं तेच दोन वर्षं केलं. आधी टचपॅड दाबला जाईना. मला वाटलं कचरा अडकलाय, फुंकर मारून बघितली. मग लॅपटॉप टेबलावर डगडग हलायला लागला. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली, तीच खालून टचपॅडला ढकलत होती.

लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम आयन सेल सतत १०० टक्के भरलेला आणि त्यात गरमही राहिला की आतलं रसायन लवकर बिघडतं आणि वायू तयार होतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) सापडते. टेबलावरच वापरणाऱ्यांनी ती आजच चालू करा. वीज गेल्यावर ८० टक्केही पुरतात. आणि फुगलेली बॅटरी दिसली तर दाबून सपाट करायला जाऊ नका, भोक पडलं तर पेट घेते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलून घ्या. जुनी कचऱ्याच्या डब्यात नको, ई-कचऱ्यात द्या.