साधी पोर्शे ९२४ घ्यावी का? मदत हवी आहे

श्टुटगार्टजवळ राहतो. १९८३ ची पोर्शे ९२४ बघून आलोय, टर्बो नाही, साधी १२५ अश्वशक्तीची. मालक साडेआठ हजार युरो म्हणतो. मूळ आखणी फोक्सवागनसाठी, इंजिन ऑडीकडचं, त्यामुळे ९११वाले (पोर्शेच्या प्रसिद्ध ९११ मॉडेलचे चाहते) तिला अजून खरी पोर्शे धरत नाहीत. (मला तिचे उघडमीट करणारे दिवे भारी आवडतात, ते सोडा.)

लिफ्टवर चढवून पाहिली: खालून गंज नाही. सर्व्हिसची कागदपत्रं १९९४ पासूनची, टायमिंग बेल्ट नवा, एच नंबरप्लेट (जर्मनीत जपलेल्या जुन्या गाड्यांना मिळते ती) आहे. डॅशबोर्डला भेगा आहेत आणि रंग मूळचा नाही, पांढऱ्याची लाल केलीय. जाहिरातींतले भाव चाळले, पण ते मागितलेले. प्रत्यक्ष किती मिळतात ते कळत नाही.

गॅरेज आहे, हातानं दुरुस्ती जमत नाही. दहा वर्षं ठेवणार. भारतात न्यायची नाही, त्यामुळे कस्टम्सचं सांगू नका.

खरी शंका संख्येची. ९२४ सगळ्या मिळून दीड लाखाच्या आसपास बनल्या. दुर्मीळ ती ९२४ करेरा जीटी (९२४ चीच खास टर्बो आवृत्ती), जेमतेम ४००. मग रंग बदललेली साधी ९२४ कधी क्लासिक म्हणून भाव खाईल, की थांबून अडीच लिटर इंजिनची, नंतर आलेली ९२४ एस शोधू?