ऑटम सोनाटा आईसोबत बघू का?

पडवीतली:
काल रात्री ऑटम सोनाटा पिक्चर बघितला, दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा, १९७८ चा, स्वीडिश, अजून डोक्यातून जात नाहीये. आई नावाजलेली पियानोवादक, कायम दौऱ्यावर, लेक पाद्र्याची बायको, सात वर्षांनी आई तिच्याकडे येते. लेक शोपँचा एक प्रील्यूड (पियानोवरची छोटी रचना) वाजवून दाखवते, मग आई शेजारी बसून तोच स्वतः वाजवते. लेक नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहते. तिथे मी पॉज केलं. आमच्याकडे हे घावनांवर व्हायचं. मी घातलं की आई म्हणणार बरं झालंय, आणि लगेच माझ्या हातातली वाटी घेऊन त्याच पिठाचं, त्याच बिडाच्या तव्यावर दुसरं घालणार, कडेने ओतत ओतत मधे यायचं, झाकण काढलं की अशी जाळी की बघत राहावं. बोलायची काही नाही. चाळिशी आली माझी, अजून तिच्यासमोर घावन घालत नाही मी.
मेमध्ये गुहागरला जातेय. तिच्यासोबत बसून बघू का? मला जे बोलायला जमत नाही ते पिक्चर बोलेल असं वाटतंय.

सुरंगी:
लगेच नको गं. तो रात्रीचा सीन आठव, लेक लहानपणापासूनचं सगळं एकदम बाहेर काढते, माझी आई तर अर्ध्यातनं उठून गेली असती. त्यापेक्षा उनिशे एप्रिल लाव, ऋतुपर्णो घोषचा बंगाली पिक्चर, १९९४ चा. त्यात पण आई मोठी डान्सर (अपर्णा सेन), लेक डॉक्टर, देबश्री रॉयला नॅशनल अवॉर्ड मिळालं त्यासाठी. तिढा तोच पण घर आपल्याकडच्यासारखं वाटतं.

खाडीपल्याड:
मी दोन मुलींची आई, म्हणून आईच्या बाजूने लिहिते. ती शार्लोट, म्हणजे ऑटम सोनाटातली आई, सांगते बघ, तिच्या आईवडिलांनी तिला कधी हात लावल्याचंच तिला आठवत नाही, ना मायेने ना मारायला. तिथे मला रडू फुटलं. आणि तिचं काम करणारी इन्ग्रिड बर्गमन १९४९ ला इटलीला गेली तेव्हा तिची स्वतःची लहान मुलगी अमेरिकेत मागे राहिली होती, हे माहीत असलं की त्या सीनमधला तिचा चेहरा बघवत नाही.
तुझ्या आईला घावन कोणी शिकवलं, विचारलंयस कधी? माझ्या सासूबाई जाळी पडली नाही की घावन उचलून गुरांच्या पाटीत टाकायच्या, मी तिथेच उभी. आणि मुलींच्या हातातली वाटी मीही घेतलीय, खूपदा. मला वाटायचं मी शिकवतेय.

पडवीतली:
खाडीपल्याड, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचं लग्न सतराव्या वर्षी झालं, आजीच्या हाताखाली तिचं काय झालं असेल ते तिने सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. आज फोन करते. ऑटम सोनाटा राहू दे सध्या. सुरंगी, उनिशे एप्रिल कुठे बघायला मिळेल सांग ना, सबटायटल इंग्रजी असले तरी चालतील, आईला मी वाचून सांगेन.