पतीच्या क्युबिकलची सजावट त्यांना न सांगता करावी का?

कोरापान :
माझे पती आणि मी एकाच कंपनीत, पण वेगवेगळ्या विभागांत काम करतो. त्यांचे क्युबिकल तिन्ही बाजूंनी करड्या कापडी पार्टिशनचे आहे. संगणक, फायलींचा गठ्ठा आणि मागच्या वर्षीचे कॅलेंडर यांखेरीज तिथे आजवर काहीही आलेले नाही. पुढच्या महिन्यात ते कामानिमित्त बाहेरगावी जाणार आहेत आणि ते परततील तेव्हा ही जागा सजलेली दिसावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र पुरुषांच्या टेबलासाठी म्हणून ज्या कल्पना सुचवल्या जातात, त्यांत काळा रंग, चामड्याच्या वस्तू, मोटारींची चित्रे आणि प्रेरणादायी वचने यांपलीकडे फारसे काही आढळत नाही, आणि यांतले काहीच त्यांच्या स्वभावाचे नाही. ते मितभाषी आहेत आणि जुने नकाशे पाहण्यात रमतात. दुपारनंतर डोके दुखते, ही त्यांची नेहमीची तक्रार आहे. पार्टिशनला खिळे मारण्याची परवानगी नाही. सुरुवात कुठून करावी, हे कृपया सुचवावे.

तिसराकोन :
डोकेदुखीचा उल्लेख तुम्ही ओघात केला असला, तरी अंतर्गत सजावटीचे काम करणारी व्यक्ती म्हणून मी सुरुवात तिथूनच करेन. डोळे तपासून घ्यावेतच, पण त्याबरोबर एकदा त्यांच्या खुर्चीत बसून, मॉनिटर बंद करून, काळ्या पडद्यात कशाकशाचे प्रतिबिंब दिसते ते पाहावे. छतावरच्या दिव्याची पांढरी पट्टी किंवा पाठीमागच्या खिडकीचा चौकोन तिथे दिसत असेल, तर त्यांचे डोळे दिवसभर त्या चकाकीतून अक्षरे शोधत असतात. मॉनिटर थोडा वळवला किंवा किंचित कलता केला की हे प्रतिबिंब बहुधा हटते. याच कारणासाठी त्यांच्या पाठीमागे काचेची चौकट किंवा चकचकीत लॅमिनेशन केलेले चित्र लावू नये. लिहिण्यावाचण्याच्या कामाला टेबलावर साधारण ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असावा असे मानले जाते आणि उंच पार्टिशनच्या सावलीत तो पुष्कळदा मिळत नाही. त्यामुळे ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे फार पिवळाही नाही आणि निळसरही नाही अशा पांढऱ्या उजेडाचा, कागदावर झोत पाडणारा पण पडद्यावर न पाडणारा एक लहान दिवा ही या जागेतली सर्वांत उपयोगी भर ठरेल.

खिळ्यांची गरज पडणार नाही. कापडावर चिकटपट्टी टिकत नाही, पण टाचण्या छान बसतात, पार्टिशनच्या माथ्यावर अडकवायचे हूक मिळतात, आणि कापड थोडे लवदार असेल तर वेल्क्रोची काटेरी बाजू त्याला घट्ट पकडते. नकाशा अवश्य लावावा, तोही एकच आणि मोठा. निसर्गचित्र लांबून पाहायचे असते, तर नकाशा हाताच्या अंतरावरून वाचायचा असतो, आणि क्युबिकलमध्ये नेमके तेवढेच अंतर मिळते. घरात आपण चित्र उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावतो. इथे माणूस बसलेला असतो आणि त्याची नजर जमिनीपासून साधारण १२० सेंटीमीटरवर असते, म्हणून नकाशाचा मध्य त्या उंचीवर यावा. तो मॉनिटरच्या मागे न लावता बाजूच्या पार्टिशनवर लावावा, म्हणजे पडद्यावरून नजर काढली की मानही वळते.

सगळे पार्टिशन मात्र झाकू नये. ते कापड आवाज शोषून घेण्यासाठी असते, शिवाय ते बहुधा सहज पेट न घेणारे असते. त्यावर घरचे साधे कापड ताणून बसवले, तर हे दोन्ही गुण वाया जातात.

हिरवळ :
एक रोप असावे, असे मी आग्रहाने सांगेन. खिडकी लांब असेल तर स्नेक प्लांट किंवा झेडझेड प्लांट निवडावे. ही रोपे कार्यालयातल्या दिव्यांच्या प्रकाशातही तग धरतात, जरी वाढ अगदी संथ होते. ती मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने, कारण मुळे कुजतात. माती खोलवर कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये आणि कुंडीखाली खोल बशी ठेवावी, कारण कीबोर्डजवळ पाणी पाझरलेले परवडत नाही. रोपांमुळे हवा शुद्ध होते, या दाव्यावर मात्र विसंबू नये. ‘नासा’चे १९८९ सालचे प्रयोग बंदिस्त पेट्यांत झाले होते. खेळती हवा असलेल्या खोलीत एखाद्या रोपाने तसा फरक पडत नाही. रोप ठेवावे ते डोळ्यांना बरे वाटते म्हणून.

निळीशाई :
वरच्या सर्व सूचना चांगल्या आहेत, पण मूळ बेताबद्दल मला कळकळीने काही सांगावेसे वाटते. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रेग नाइट आणि अलेक्स हॅसलम यांनी २०१० साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत कामाच्या जागा चार प्रकारच्या होत्या : केवळ कामापुरत्या वस्तू असलेली ओकीबोकी जागा, रोपे आणि चित्रे आधीच मांडून ठेवलेली जागा, तीच रोपे आणि चित्रे ज्याची त्याने मनाप्रमाणे मांडायची जागा, आणि माणसाने केलेली मांडणी नंतर प्रयोगकर्त्याने बदलून टाकलेली जागा. ओक्याबोक्या जागेच्या तुलनेत सजवलेल्या जागेत सुमारे १७ टक्के आणि स्वतः मांडलेल्या जागेत सुमारे ३२ टक्के अधिक काम झाले. चौथ्या प्रकारात मात्र हा लाभ नाहीसा झाला, आणि वस्तू तर त्याच होत्या!

क्युबिकलची मूळ कल्पनाही याच विचारातून निघाली होती. अमेरिकी रचनाकार रॉबर्ट प्रॉप्स्ट यांची जी रचना हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने १९६८ साली बाजारात आणली, तिच्यातली पार्टिशने काम करणाऱ्याला हवी तशी फिरवता यावीत, १२० अंशांच्या मोकळ्या कोनात जोडता यावीत आणि चालू काम डोळ्यांसमोर टाचून ठेवता यावे, असा त्यांचा हेतू होता. काटकोनातले खुराडे पुढे आले, कमी जागेत अधिक माणसे बसवण्यासाठी.

तुमच्या पतींची जागा आज रिकामी आहे ती कदाचित आळसामुळे असेल, कदाचित निवडीमुळे. ते तुम्हाला ठाऊक नसेल, तर मांडणी त्यांच्यावर सोडावी. नकाशे, टाचण्या आणि दिवा आणून त्यांच्या टेबलावर ठेवावेत. आश्चर्याचा आनंद त्यातही मिळेल.

कोरापान :
तिघांचेही मनःपूर्वक आभार. मी दोन-तीन नकाशे गुंडाळीतच ठेवेन, निवड ते करतील. कॅलेंडर काढून टाकण्याचा विचार होता, तेही राहू देते. दिवा तेवढा आधी लावून ठेवला तर चालेल ना? आणि नकाशे कोणत्या कागदावर छापून घ्यावेत?

तिसराकोन :
नकाशे जाड, मॅट म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर, ए२ आकारात, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटीमीटर छापून घ्यावेत. याहून लहान छापले तर जुन्या नकाशांतली गावांची नावे वाचता येत नाहीत. दिवा आधी लावण्यास हरकत नाही, मात्र तो उजेड कमीजास्त करता येणारा आणि दांडी वळवता येणारा असावा, म्हणजे शेवटचा निर्णय त्यांच्याच हातात राहील. ते उजव्या हाताने लिहीत असतील तर दिवा डावीकडे बसवावा, नाहीतर हाताची सावली कागदावर पडते. टेबलाच्या कडेला पकडणारा दिवा घेणार असाल, तर त्या कडेची जाडी आधी मोजून घ्यावी.